सगळे परत आले, आजी नाही आली

पत्र :

"ताई, मी केज तालुक्यातल्या एका गावची, दिली आहे लातूर जिल्ह्यात. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा लगेच रडला नव्हता, लहानपणापासून मतिमंद आहे आणि फिट येतात. शाळेत दोनच वर्षं बसला, पण घरचं बरंच करायचा. हापशावरून पाणी आणायचा, दोन शेळ्या वळायचा, अंघोळ स्वतःची स्वतः. आईबापू दरसाल ऊसतोडीला जातात, तेव्हा तो आजीपाशी राहायचा. गेल्या पौषात आजी वारली. तो घाबरेल म्हणून त्याला शेजारच्या घरी ठेवलं आणि आजी गावाला गेली असं सांगितलं. तेव्हा तो रडलाही नाही. उरलेला सीझन मी माहेरी राहून काढला. अक्षय तृतीयेच्या आधी आईबापू आले आणि त्यानंतर हा बिघडला. रात्री तीनला उठून बसतो, भाकरी खात नाही, वाळून गेलाय, एकटाच बोलतो, कपड्यातच लघवी करतो. शेळ्यांकडं बघत नाही. रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन उभा राहतो, आणायला गेलं की मारतो. आईच्या दंडाला चावला. नाही तर विहिरीच्या काठावर बसून असतो. फिटची गोळी त्याच सुमारास बदलली आहे. गावातल्या डॉक्टरनं झोपेची गोळी दिली आणि म्हणाले, मतिमंद पोरं मोठी झाली की अशीच होतात. एका बाबाकडं नेलं, तो म्हणाला बाहेरचं आहे. आता दसऱ्यानंतर आईबापूला निघायचं आहे, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन बसलेत. बापू म्हणतात साखळीनं बांधून चुलत्याच्या ओसरीला ठेवू, नाही तर एक आश्रम आहे तिथं टाकू. माझ्या सासूबाई त्याला आमच्याकडं नको म्हणतात. माझा भाऊ वेडा झाला का? मी काय करू?"

– एक बहीण

ताई, तुमच्या पत्रात फाट्याबद्दल एकच ओळ आहे. ती मी चार वेळा वाचली.

तुमच्या भावाला इथं बाळू म्हणू. बाळूनं २६ वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलेली आहे. माणसं गावाला जातात आणि परत येतात. दिवाळीच्या आगेमागे आईबापू कोयता, भांडी, गोधड्या घेऊन जातात आणि गुढीपाडवा झाला की फाट्यावर उतरतात. त्यांना घ्यायला त्याला कोण न्यायचं? माझा अंदाज, आजी. आजी "गावाला गेली" हे तुम्ही सांगितलंत, ते त्यानं ऐकलं आणि म्हणून तो रडला नाही. रडायचं काय त्यात, गावाला गेलेलं माणूस येतं की. मग अक्षय तृतीयेच्या आधी आईबापू उतरले. सामान उतरलं. आजी उतरली नाही. घरातले सगळे म्हणाले, "आईबापू आले तरी हा का बिघडला?" मला वाटतं, ते आले म्हणूनच बिघडला. तोवर त्याचा हिशोब जुळत होता.

आता संध्याकाळी त्याला हाताला धरून फाट्यावरून ओढून आणणं म्हणजे त्याच्या लेखी काय, ते बघा. आजी यायच्या वेळेलाच त्याला तिथून काढतायत.

मी पत्रावरून बोलतेय, माझं चुकू शकतं. पण सुरुवात इथून करा.

तुमचा प्रश्न होता, वेडा झाला का. बाळूला लहानपणापासून आहे ती बौद्धिक अक्षमता. तो आजार नाही, तो चढत-उतरत नाही. समज हळू येते, शिकायला वेळ लागतो, एवढंच. मनाचा आजार ही वेगळी गोष्ट. तो मागाहून येतो, कुणालाही येतो, आणि औषधपाण्यानं, आधारानं बहुतेकदा आटोक्यात येतो. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हे आपल्याकडं कुणाच्या डोक्यातच येत नाही. "त्याला कसलं आलंय टेन्शन, भोळा माणूस" असं म्हणून आपण मोकळे. ग्लासगो शहरात बौद्धिक अक्षमता असलेल्या १०२३ प्रौढांना तपासलं होतं, २००७ साली तो अभ्यास छापून आला. डॉक्टरांच्या तपासणीत दर दहांतल्या चार जणांना मानसिक त्रास निघाला. कारणंही उघड आहेत. मेंदूला आधीच इजा, वर फिट, दुखतंय-खुपतंय ते सांगायला शब्द नाहीत, गल्लीतली पोरं चिडवतात, आणि घरात काय घडतंय ते त्याला कुणी सांगत नाही. इतकं सोसून मन शाबूत राहतं त्याचंच मला नवल वाटतं.

तुमच्या डॉक्टरांच्या त्या वाक्यावर मात्र मी थांबणार आहे. "मतिमंद पोरं मोठी झाली की अशीच होतात." जुन्या शिक्क्याची सावली नव्या दुखण्यावर पडते आणि दुखणं दिसेनासं होतं. डॉक्टरी भाषेत याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात, १९८२ पासून हे नाव चालत आलंय. म्हणजे चूक जुनी आहे आणि मोठमोठ्या ठिकाणी होते. मीही केलीय. मी मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. बारा वर्षांचा एक मुलगा अचानक स्वतःच्या कानशिलात मारून घ्यायला लागला. ताट ढकलून द्यायचा. आम्ही सगळ्या बाया एकमुखानं म्हणालो, लक्ष वेधून घेतोय. मी तर त्याच्या हातांना कापडी पिशव्या बांधल्या. तीन आठवड्यांनी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "बाई, ह्यो भाकरी दुधात कुस्करून दिली की खातोय, कडक दिली की फेकतोय. दात बघा की त्याचा." अक्कलदाढ नव्हती, साधी दाढ होती, आतून किडून गळू झालेली. काढली आणि चार दिवसांत हात खाली आले. त्या पिशव्या मी पुढं कितीतरी वर्षं टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या.

तेव्हापासून माझा एकच ठोकताळा. अशा माणसाला दुसऱ्याशी ताडून बघायचं नाही, त्याच्याच मागच्या वर्षाशी ताडायचं. जे आधीपासून होतं ते बौद्धिक अक्षमतेचं असेल. जे नवं आलं त्याला कारण आहे आणि ते शोधायचंच. बाळू आधी पाणी आणत होता, आता आणत नाही. आधी कोरडा उठत होता, आता कपडे ओले करतो. शेळ्या सोडल्या, झोप गेली, अंग गेलं. यातली एकही गोष्ट "मतिमंद आहे म्हणून" होत नाही. वहीचं एक पान घ्या, मधे रेघ मारा. डावीकडं गेल्या दिवाळीचा बाळू, उजवीकडं आजचा. तुम्ही पत्रात जे लिहिलंय तेच लिहायचंय. हे पान डॉक्टरांसमोर ठेवायचं. तोंडी सांगायला गेलं की आपण घाबरतो आणि "मारतो" एवढंच सांगून येतो. मग गोळीही फक्त मारण्यावर मिळते.

आधी शरीर. दात बघा, उजेडात तोंड उघडून. कान बघून घ्या, मळ घट्ट बसला तरी माणूस पिसाळतो. पोट साफ होतं का? हे विचारायला आपल्याला लाज वाटते आणि तरण्या पोराच्या मागं आई परसाकडं जात नाही, म्हणून घरात कुणालाच माहीत नसतं. चारचार दिवस कोठा जड असेल तर भूक मरते, चिडचिड होते, कधी लघवीवरचा ताबाही जातो. लघवीत जळजळ, साखर, थायरॉईड, रक्त कमी, हे सगळं साध्या तपासण्यांत कळतं.

आणि ती फिटची गोळी. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण मला ती आजीइतकीच महत्त्वाची वाटते. फिटच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटामनं किंवा फिनोबार्बिटोननं, काही माणसांचा स्वभाव पार चिडका होतो, हात उगारायला लागतात. बदललेली गोळी कोणती, कोणत्या तारखेला सुरू केली आणि पहिल्यांदा मारलं कधी, हे मागेपुढे लावून बघा. जुनी चिठ्ठी, नवी चिठ्ठी, रिकामी पाकिटं, सगळं पिशवीत भरा. पण हे वाचून गोळी घरच्या घरी बंद करू नका. फिटची गोळी एकदम तोडली तर एकामागून एक फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. झोपेच्या गोळीचंही तसंच. ती काही जणांना शांत करायच्या ऐवजी आणखी बिथरवते, पण रोज घेत असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच कमी करायची.

शरीरातलं सगळं बघून झालं तरी उरतं ते मन. पहाटे तीनला जाग, खाणं तुटलेलं, आवडीच्या शेळ्यांकडं पाठ, येत असलेली कामं सुटलेली, आणि हे आठवड्याचं नाही तर काही महिन्यांचं. शिकलेल्या माणसानं हेच सांगितलं असतं तर कुठलाही डॉक्टर "डिप्रेशन" म्हणाला असता. बाळू "मला उदास वाटतं" असं म्हणणार नाही, त्याच्याकडं तो शब्द नाही. त्याचं उदासपण चावण्यातून येतं. मी निदान करत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञानं करायचं. पण तिथं जाताना "पोरगं हाताबाहेर गेलंय" म्हणून जाऊ नका. "पोरगं खचलंय का, ते बघा" म्हणून जा.

एकटाच बोलतो, याची तुम्हाला फार भीती वाटलेली दिसते. बौद्धिक अक्षमता असलेली पुष्कळ माणसं स्वतःशी मोठ्यानं बोलतात. दिवसभराचं घोळवतात, कुणी रागावलं असेल तर तो संवाद पुन्हा करतात. आपण मनात करतो ते ते तोंडानं करतात. तो काय बोलतो ते एकदा शेजारी बसून ऐका. आजीची वाक्यं असतील. "बाळ्या, हात धू. बाळ्या, शेळ्या आन." तसं असेल तर तो आजीला सोबत ठेवतोय. पण हाक मारूनही तुटत नाही, कान झाकून घेतो, रिकाम्या कोपऱ्याकडं बघून घाबरतो, नाही तर जेवणात काही घातलंय म्हणून ताट सरकवतो, असं असेल तर तेही लिहा. आवाज ऐकू येण्याचा आजार वेगळा असतो आणि त्याची गोळी वेगळी. फोनवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांच्या समोर तो गप बसेल, हमखास.

कुठं जायचं? तुम्हाला अंबाजोगाई जवळ आहे. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात मनोविकार विभाग आहे. मराठवाड्यात तशी शासकीय महाविद्यालयं लातूरला, नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयातही आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, म्हणजे आपल्याला सगळीच लांब. पण बाळूला त्यांची गरज मला आज दिसत नाही. त्याला नेमकी बुद्धी किती, काय काय शिकवता येईल, हे पुढं कधी नीट तपासायचं ठरलं तर सिकंदराबादला बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था आहे, १९८४ पासूनची. परळीहून रेल्वे जाते. ते सवडीनं.

दवाखान्यात टोलवाटोलवी होईल, त्याची तयारी ठेवा. मनोविकारवाले म्हणतील हा मतिमंद आहे, आमचा नाही. मतिमंदांच्या शाळा-संस्था म्हणतील हा मारतो, आधी त्याला वेड्याच्या दवाखान्यात दाखवा. तेलही गेलं, तूपही गेलं. अशा वेळी एवढंच सांगायचं : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मतिमंदत्वाला मानसिक आजारात धरलेलं नाही हे खरं, पण मतिमंद माणसाला मानसिक आजार झाला तर त्या आजारावर उपचार मिळायचा त्याचा हक्क कुठं जात नाही. सरकारी दवाखान्यात तर नाहीच नाही. भांडू नका, पण खुर्चीवरून उठूही नका.

गोळी सुरू केली तर तीन गोष्टी विचारून घ्या. ही कशासाठी, गुण किती दिवसांत दिसला पाहिजे, आणि कमी कधी करायची. तिसरा प्रश्न आपल्याकडं कुणी विचारत नाही, आणि मारतो म्हणून दिलेली गोळी दहा-दहा वर्षं चालू राहते. हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडात २०१५ साली सरकारी खात्यानं हिशोब केला तेव्हा बौद्धिक अक्षमता असलेली ३० ते ३५ हजार प्रौढ माणसं मनोविकाराचं निदान नसतानाही त्याच्या गोळ्या खात होती. पुढच्या वर्षी तिथं त्या कमी करायची मोहीमच काढावी लागली. बाळूच्या डॉक्टरांना फिटचं आधी सांगा, कारण मनाच्या काही गोळ्यांनी फिट यायची शक्यता वाढते. अशा माणसांना डोस थोडा सुरू करून हळूहळू वाढवतात. आणि गोळी सुरू झाल्यावर तो जास्तच येरझाऱ्या घालायला लागला, एका जागी बसेना, हात थरथरायला लागले, लाळ गळायला लागली, तर "आजार वाढला" म्हणून डोस वाढवून मागू नका. तो गोळीचाच त्रास असू शकतो. अंग ताठ होऊन ताप आला, किंवा फिट पाच मिनिटांच्या वर गेली, तर रात्र असो की पाऊस, थेट दवाखाना.

आता सगळ्यात अवघड काम, आणि ते कुठलाही डॉक्टर करून देणार नाही. बाळूला आजी मेली हे सांगायचं.

शब्द "मेली" हाच वापरा. कानाला टोचतो, माहीत आहे. पण "देवाघरी गेली" म्हणाल तर तो देवळात जाऊन बसेल. "झोपली" म्हणाल तर उद्यापासून झोपायला घाबरेल. "गावाला गेली"नं काय झालं ते आपण बघतोच आहोत. आईनं सांगावं, दिवसाउजेडी, घरात पाहुणे नसताना. "आजी आजारी पडली. तिला जीपमधून दवाखान्यात नेलं. ती मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. फाट्यावर येणार नाही. आम्ही तुला सांगितलं नाही, आमचं चुकलं." एवढंच, आणि मग गप बसायचं. तो काहीच न झाल्यासारखा उठून जाईल, किंवा पंधरा मिनिटांनी "आजी कधी येनार?" विचारेल. पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमानं. पन्नास वेळा विचारेल. पन्नास वेळा तेच. आईला जमलं नाही तर तुम्ही जा, सासूबाईंना दोन दिवस सांगून जा.

नुसतं बोलून भागणार नाही, त्याला हातात काही लागतं. आजीची चंची आहे का अजून? लुगडं? त्याच्याकडं द्या. अंत्यविधी झाला ती जागा दाखवा. आपण त्याला शेजारच्या घरात बसवून सगळं उरकलं, तो त्यातलं काहीच करू शकला नाही, तर आता करू द्या. महालक्ष्म्या उठल्या की पुढच्या पंधरवड्यात पित्र आहेत. पहिल्या वर्षी तुमच्याकडं काय रीत असेल ती तुम्ही पाळा. पण आजीच्या नावानं पान वाढाल तेव्हा ते बाळूच्या हातात द्या आणि कावळ्याला हाक त्यालाच मारू द्या. तो रडला तर थांबवू नका. पौषातलं रडणं त्याचं राहिलेलंच आहे.

फाट्यावर जाणं बंद करू नका, बदलून टाका. दोन आठवडे कुणीतरी त्याच्याबरोबर जायचं, बापूच गेले तर उत्तम. हात धरायचा नाही, शेजारी उभं राहायचं. एक बस ठरवायची, ती गेली की म्हणायचं, "बस गेली, शेळ्यांना पाला घालायचाय, चल." रोज तीच बस, तेच वाक्य. घरी येऊन त्याच्या हातात खरंच पाला द्यायचा. ओढून आणताना तो मारतो, मग न ओढता काय होतं ते बघायचं आहे. पहिले काही दिवस तो हलणार नाही. आणखी एक बस जाऊ द्या. मारायच्या बेतात असेल तर तोंडानं समजावत बसू नका, चार पावलं मागं सरका आणि बाकीच्यांना तिथून घालवा. चारचौघांनी मिळून दाबून धरलं की त्याला वाटतं आपला जीव घेतायत.

आता साखळी. तुमच्या बापूंना मी वाईट म्हणणार नाही. उचल घेतलेली आहे, ती फेडायला कोयता लागतो, कोयता म्हणजे नवराबायको दोघं. मागं २६ वर्षांचं पोरगं, विहीर जवळ आणि म्हातारी आता नाही. या गणितातून साखळीच निघते, याला बापू एकटे जबाबदार नाहीत. तरीही नको. मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला २०१७ च्या कायद्यानं सरळ बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आजी गेली, आता आईबापू जाणार आणि आपल्याला ओसरीला बांधणार, यातून बाळू जो काही होईल त्याला परत आणणं फार कठीण जाईल.

आश्रमाचं म्हणाल तर आधी दोघांनी जाऊन बघून या, न सांगता, जेवणाच्या वेळी. संडास बघा. रात्री दाराला बाहेरून कुलूप लावतात का विचारा. गोळ्या कोण देतं, डॉक्टर किती दिवसांनी येतात, नोंदणी आहे का, तिचा कागद दाखवा म्हणा. मानसिक आजाराच्या माणसांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका ठिकाणी आग लागली आणि २८ माणसं मेली, कारण त्यांना बांधून ठेवलेलं होतं. कागद दाखवायला कां-कूं करतील तिथं उंबरा ओलांडून परत या.

मग या सीझनला करायचं काय? माझं मत विचाराल तर या एका वर्षी आईनं मागं राहावं आणि बापूंनी अर्ध्या कोयत्यावर जावं. उचल अर्धीच फिटेल, मुकादम कुरकुर करेल, पुढच्या सालावर ओढलं जाईल. हे मला कळतं, आणि इथं बसून लिहायला मला काही लागत नाही हेही कळतं. पण आईच्या दंडाला चावून झाल्यावरही तो रोज जेवायला कुणापुढं बसतो? आईच्याच ना? ती यंदा तिथं हवी. अगदीच जमलं नाही, तर तुम्ही आणि चुलती पाळी लावा, पण माणूस ओळखीचं आणि घर तेच राहू द्या. त्याला ऊसतोडीच्या थळावर खोपीत घेऊन जाणं हा शेवटचा पर्याय. नवी जागा, रात्री-अपरात्री भरायला येणाऱ्या गाड्या, झोपेचा पत्ता नाही, आणि झोप मोडली की फिट वाढतात.

बापू निघतील तेव्हा चोरून निघू नयेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जायच्या दिवसावर ट्रॅक्टरचं चित्र काढा, बाळूला रोज एक दिवस खोडू द्या. निघताना "लगेच येतो" म्हणू नका, "गुढीपाडवा झाला की" म्हणा आणि तिथंही चित्र काढा. रोज संध्याकाळी एकाच वेळेला व्हिडिओ कॉल. गावाला गेलेलं माणूस आणि मेलेलं माणूस यातला फरक त्याला यंदा नव्यानं शिकायचा आहे. गेलेलं माणूस फोनवर दिसतं. मेलेलं दिसत नाही.

विहिरीचं आजच बघा. "मला आजीकडं जायचंय" असं तो कधी म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका, अशा माणसांनाही जीव नकोसा होतो. काठावर एकटा बसू देऊ नका. फवारणीचं औषध घरात मोकळं ठेवू नका, कुलपात ठेवा. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हाला स्वतःसाठीही तो लावता येतो.

बाबाकडं गेलात त्याबद्दल मी काही म्हणत नाही, जीव पोळला की माणूस सगळीकडं जातो. पण बाहेरचं काढायच्या नावाखाली मारहाण, चटके, उपाशी ठेवणं यातलं काही झालं तर राज्यात २०१३ पासून तो गुन्हा आहे. आणि अंगाऱ्याबरोबर फिटची गोळी बंद करा असं कुणी सांगितलं तर तिथून तडक निघा.

कागदांचं थोडक्यात. बाळूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढा. त्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान नीट लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार हे दोन वेगळे प्रकार आहेत, म्हणून मनाच्या आजाराचं निदान झालं तर त्याचीही नोंद व्हावी असं डॉक्टरांना सांगा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडीचा खर्चही धरते, तिचा अर्ज करून ठेवा. पुढं जमीन, बँक असे विषय निघतील तेव्हा कायदेशीर पालकत्व लागेल. १८ वर्षांनंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं चालतं. दवाखान्यासाठी त्याची वाट बघत बसायची गरज नाही.

सासूबाईंबद्दल तुम्ही अर्धीच ओळ लिहिलीत. "घराण्यात वेड आहे" असं म्हणाल्या असतील. बाळूचं जन्मतः लगेच न रडणं हे बहुधा बाळंतपणातलं, रक्तातलं नाही, एवढं त्यांना शांतपणे सांगा. ऐकतील न ऐकतील.

अंबाजोगाईला जाऊन आलात की डॉक्टरांनी काय लिहून दिलं ते मला कळवा. गोळ्यांची नावं पाकिटावर आहेत तशीच लिहा. पहिला आठवडा फाट्यावर कसा गेला तेही लिहा, आणि बस कितीची ठरवलीत तेही.